सहीची मर्यादा

विमा कंपनीत माणसाची पायरी त्याच्या सहीवरून कळते. किती रुपयांपर्यंतचा क्लेम तो स्वतःच्या सहीनं मंजूर करू शकतो, ती त्याची खरी पायरी. आमच्या रोजच्या बोलण्यात याला 'पॉवर्स' म्हणतात. ब्रँचच्या पॉवर्स संपल्या की फाइल डिव्हिजनला जाते, डिव्हिजनच्या संपल्या की रीजनला, आणि रक्कम त्याहून मोठी असेल तर हेड ऑफिसला. असिस्टंटला मंजुरीच्या पॉवर्स नसतात. तो कागद गोळा करतो, नोट लिहितो, खाली 'मंजुरीसाठी सादर' असं लिहून फाइल पुढे सरकवतो. नोकरीची पहिली काही वर्षं मी हेच केलं. त्याच वर्षांत मला ऑफिसर व्हायचं होतं, आणि लवकर व्हायचं होतं. ही इच्छा मी कधी लपवली नाही. ती धरून काय करावं लागलं आणि त्यातून काय शिकले, ते नव्यानं या धंद्यात आलेल्यांसाठी लिहिते आहे.

मी लागले ती इचलकरंजीत, एका सरकारी कंपनीच्या ब्रँचमध्ये. सर्वसाधारण विम्याचा धंदा म्हणजे आग, मोटार, आजारपण, अपघात, जनावरं, यंत्रं. आयुर्विमा सोडून बाकी सगळं. १९७३ साली १०७ कंपन्या एकत्र करून चार सरकारी कंपन्या झाल्या आणि २००० सालापासून खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडलं. आमच्या ब्रँचमधले जुने सहकारी त्या बंद दाराच्या काळात नोकरीला लागलेले. कामात वाघ होते. पॉलिसीतली बारीक अक्षरं तोंडपाठ. पण प्रमोशनचा विषय निघाला की त्यांचं एकच म्हणणं, 'घाई कसली? नंबर लागला की होईल.' आणि खरंच नंबर लागला की बहुतेक जण नाही म्हणायचे, कारण प्रमोशन म्हणजे बदली. इचलकरंजीत घर, मुलांच्या शाळा, म्हातारे आईवडील. कुठं नांदेड, कुठं चंद्रपूर. ऑर्डर हातात पडायच्या आत नकाराचं पत्र तयार असायचं.

नकार देणाऱ्यांत बायका जास्त होत्या. याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं. काउंटरला ज्यांच्याकडे सगळे ग्राहक विश्वासानं यायचे, ज्यांना कुठल्या लाइनीतल्या कुठल्या मागाला कुठली मोटर आहे हे ठाऊक होतं, त्या कायम 'सादर' लिहीत राहिल्या. सही करायला दर दोन-तीन वर्षांनी बाहेरून नवा माणूस यायचा. त्याला गाव समजेपर्यंत त्याची बदली व्हायची.

ब्रँचमधल्या त्या जुन्या सहकाऱ्यांतले एक ज्येष्ठ, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, मला रोज एक पॉलिसी वाचायला लावायचे. मथळ्यापासून शेवटच्या अपवादापर्यंत. एकदा ते म्हणाले, 'पोरी, प्रमोशन घ्यायचं तर घे. पण नुसत्या पगारासाठी जाऊ नकोस, सहीसाठी जा.' त्या वेळी ते वाक्य मला नीट कळलं नव्हतं. पगार वाढावा असंही मला वाटत होतंच, आणि त्यात काही वावगं आहे असं मला आजही वाटत नाही.

प्रमोशनचं गणित आमच्याकडे उघड असतं. ज्येष्ठतेला गुण, कामाच्या अहवालाला गुण, शैक्षणिक पात्रतेला गुण, मग लेखी परीक्षा आणि मुलाखत. ज्येष्ठतेत मी तळाला होते आणि तिथले गुण कष्टानं वाढत नाहीत, त्याला वर्षंच जावी लागतात. जोर लावायचा तर बाकीच्या ठिकाणी. १९५५ साली स्थापन झालेली मुंबईची इन्शुरन्स इन्स्टिट्यूट विमा व्यवसायातल्या परीक्षा घेते. लायसेन्शिएट, असोसिएट, फेलो अशा तीन पायऱ्या. मी लायसेन्शिएटला नाव घातलं. पुस्तकं इंग्रजीत, भाषा कायद्याची. सकाळी घरचं आवरून ऑफिसला लवकर जायचं आणि माणसं येईपर्यंत रेकॉर्ड रूममध्ये बसून वाचायचं, असा नेम धरला.

रेकॉर्ड रूममध्ये बसण्याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. पुस्तकात जे प्रकरण वाचायचे, त्याची खरी फाइल मागच्या कपाटात असायची. आगीच्या विम्यात 'अ‍ॅव्हरेज' नावाचं कलम असतं. पुस्तकात ते चार ओळींत संपतं. फाइलमध्ये ते असं दिसतं : एका माणसाच्या गोदामात वीस लाखांचं सूत होतं, त्यानं विमा दहा लाखांचा उतरवला होता. आग लागली, चार लाखांचा माल जळाला. कंपनीनं दोन लाख दिले. त्याचं पत्र फाइलला लावलेलं होतं. 'माझा विमा दहा लाखांचा, नुकसान चारच लाखांचं, मग दोनच का?' प्रश्न रास्त होता. त्याला कोणी पॉलिसी देताना सांगितलंच नव्हतं की निम्म्या मालाचा विमा उतरवला, तर उरलेल्या निम्म्याची जोखीम आपल्याच अंगावर राहते, आणि नुकसान कितीही लहान असलं तरी त्याच प्रमाणात वाटलं जातं.

त्या फाइलनंतर माझं काउंटरवरचं काम बदललं. रिन्यूअलला माणूस आला की मी आधी विचारायचे, 'वर्षात सगळ्यात जास्त माल कधी असतो? दिवाळीच्या आधी? तेव्हा किती असतो?' गेल्या वर्षीचाच आकडा टाका म्हणून लोक घाई करायचे. प्रीमियम थोडा वाढतो म्हणून कुरकुरायचे. मी हट्टानं हिशेब करून दाखवायचे. मागे रांग वाढायची. आमच्या मॅनेजर साहेबांनी एकदा विचारलं, 'एका पॉलिसीला एवढा वेळ?' मी त्यांना ती जुनी फाइल दाखवली. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट खर्चीवाल्यांकडून शिकले. इचलकरंजीत हजारो यंत्रमागधारक खर्चीवर चालतात. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. मागवाल्याची फक्त मजुरी, मीटरवर. हा माणूस विमा काढतो तो मागांचा आणि शेडचा. पण शेडमध्ये पडलेली बीमं, म्हणजे सूत गुंडाळलेले रूळ, आणि सूत त्याच्या मालकीचं नसतं. दुसऱ्याचा माल आपल्या ताब्यात असेल, तर पॉलिसीत तसं स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर तो विम्यात धरलाच जात नाही. हे मी अभ्यासात वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक मागवाल्याला विचारायला लागले, 'सूत तुमचं की व्यापाऱ्याचं?'

मग २०१९ चा ऑगस्ट आला. त्या पुरात कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, कोल्हापूरचा संपर्क तुटला. सांगलीत कृष्णेनं तेच केलं. पाणी ओसरायच्या आतच आमचे फोन सुरू झाले. मी क्लेमच्या टेबलावर बसायची परवानगी मागितली. ते टेबल कोणालाच नको होतं. तिथं रोज दुखावलेली माणसं येतात, आणि काम चुकलं तर चौकशी तुमचीच होते.

इचलकरंजीच्या नदीकडच्या भागातल्या एका शेडमध्ये सर्व्हेअरबरोबर गेले होते. नुकसान ठरवणं हे सर्व्हेअरचं काम, मी फक्त कागद जुळवायला. भिंतीवर छातीइतक्या उंचीला गाळाची रेघ. मागांच्या गिअरमध्ये गाळ वाळून सिमेंटसारखा बसलेला. आणि वास. सायझिंगमध्ये सुताला खळ दिलेली असते. असं सूत भिजलं की दोन दिवसांत आंबतं. सर्व्हेअरनं ब्लेड घेतलं, बीमावर आडवा काप दिला आणि एकेक थर बोटानं उचलत आत गेला. पाणी कुठपर्यंत मुरलंय, आतलं काही वाचतंय का, हे तो पाहत होता. मागवाला बाजूला उभा राहून त्या बोटाकडे बघत होता. आतपर्यंत काळं निघालं.

हा तोच माणूस होता ज्याला काही महिन्यांपूर्वी मी काउंटरवर प्रश्न विचारला होता आणि तो म्हणाला होता, 'व्यापाऱ्याचंच हाय की मॅडम, आपली नुसती मजुरी.' तेव्हा पॉलिसीत ती एक ओळ घातली होती. म्हणून सुताचं नुकसानही क्लेममध्ये धरलं गेलं. नसतं धरलं, तर व्यापाऱ्यानं ते त्याच्या मजुरीतून वर्षानुवर्षं कापलं असतं.

त्याच गल्लीत एक दुसरी पॉलिसी होती. त्या काळच्या आगीच्या पॉलिसीत वादळ आणि पुराचं संरक्षण मुळातच असायचं, पण ग्राहकाला हवं तर ते काढून प्रीमियम कमी करता यायचा. काही पैसे वाचवण्यासाठी ते काढलेलं होतं. त्या माणसाला काहीच मिळालं नाही. त्याच्या घरच्या बाई ऑफिसात आल्या आणि माझ्यासमोर बसून राहिल्या. नियम काय आहे ते मी त्यांना समजावून सांगितलं, सगळं खरं सांगितलं, आणि त्या उठून गेल्या. अशा वेळी सांगायला सोपं असं काही नसतं. पण लपवाछपवी न करता पॉलिसीचा कागद पुढे ठेवून समजावणं, एवढं आपण देणं लागतो, हे त्या टेबलानं मला शिकवलं.

पुराच्या फाइलींची रक्कम ब्रँचच्या पॉवर्समध्ये बसणारी नव्हती. फाइली डिव्हिजनला गेल्या, काही रीजनला. तिथं दोन जिल्ह्यांच्या फाइली येऊन पडलेल्या. मागवाला दर दोन दिवसांनी यायचा. माग बंद, कामगार गावाला निघून गेलेले, बँकेचा हप्ता चालू. मी सांगायचे, 'फाइल वर गेली आहे.' एके दिवशी तो शांतपणे म्हणाला, 'मग मॅडम, तुमच्या हातात काय हाय?'

काकांच्या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. त्याची सगळी परिस्थिती मला माहीत होती. शेड पाहिली होती, बीम पाहिलं होतं, रिपोर्ट वाचला होता. निर्णय घेण्याइतकं सगळं माझ्याजवळ होतं. फक्त अधिकार नव्हता. पूर्ण रक्कम ठरायच्या आधी काही भाग 'ऑन अकाउंट' देता येतो, ही तरतूद मला अभ्यासामुळे ठाऊक होती. तशी नोट मी लिहिली, मॅनेजर साहेबांनी शिफारस केली, आणि काही पैसे त्याच्या खात्यात आधी गेले. माग दुरुस्तीला निघाले. असिस्टंटच्या हातात एवढंच असतं. चांगली नोट लिहिणं. तेही कमी नाही. पण माझ्या मनातली प्रमोशनची इच्छा त्या पुरानं पक्की केली. गाव ओळखणाऱ्या माणसाच्या हातात सही असली पाहिजे, ती मी मिळवणार, असं मी ठरवलं.

पुढच्या प्रमोशनच्या यादीत माझं नाव नव्हतं. लेखी चांगली गेली होती. ज्येष्ठतेत मागे पडले. यादी लागल्यावर सहकाऱ्यांपैकी कोणी हळहळलं, कोणी म्हणालं, 'बरं झालं, आता गप बसेल.' पुढंपुढं करते, हा शिक्का माझ्यावर होताच. बाईनं उघडपणे पुढं जायचं म्हटलं की तो बसतोच. मला ते लागलं. पण यादीचे गुण हातात घेऊन मी बघितलं की कुठं वाढवता येतील, आणि असोसिएटचे विषय सुरू केले. मोटार थर्ड पार्टीचं कामही मागून घेतलं. अपघात दावा न्यायाधिकरणाच्या केसेस म्हणजे माणसाच्या जाण्याचा हिशेब. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालानं वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले. मृताचं वय २६ ते ३० असेल तर १७. कमाईतून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा वाटा वजा करायचा, उरलेल्याला गुणकानं गुणायचं. पहिल्यांदा हा हिशेब करताना हात थबकतो. पुढे कळतं की हा हिशेब झटपट आणि नीट झाला तर विधवेला कोर्टाच्या पायऱ्या कमी चढाव्या लागतात, लोकअदालतीत तडजोड होऊ शकते. ते काम करून मी कागद वाचायला खऱ्या अर्थानं शिकले.

नंतरच्या एका यादीत नाव आलं. मुलाखतीत मला अ‍ॅव्हरेजबद्दल विचारलं आणि १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या नव्या पॉलिसींबद्दल विचारलं. छोट्या उद्योगांसाठीच्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'मध्ये विम्याच्या रकमेतली १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ केलेली आहे. मी नियम सांगितला आणि मग इचलकरंजीच्या गोदामांत तो कसा लागू पडेल ते सांगितलं. रेकॉर्ड रूममधली ती जुनी फाइल मला तेव्हा आठवत होती.

बदली जालन्याला झाली. घरी काय करायचं हा प्रश्न यादी लागण्याच्या कितीतरी आधी आम्ही सोडवून ठेवला होता, हे मी मुद्दाम सांगते. नवरा, सासूबाई, मी, तिघं बसून बोललो होतो. मुलगी शाळेत. सासूबाई म्हणाल्या, 'तू जा, पोरीचं मी बघते. पण दर पंधरवड्याला आलीस पाहिजेस.' रात्रभर एसटीचा प्रवास, सोमवारी सकाळी उतरून सरळ ऑफिस. मुलीच्या तापात मी फोनवर होते. ते दिवस कठीण होते आणि त्यांची भरपाई पगारातून होत नाही. ज्यांच्या घरी हे जमण्यासारखं नसतं, त्यांच्या नकाराला मी नावं ठेवत नाही. पण न विचारताच, न बोलताच नकार लिहून ठेवणाऱ्या मी खूप पाहिल्या आहेत. घरच्यांना आधी विचारा तरी. कित्येकदा घर आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त तयार असतं.

जालना म्हणजे सळईच्या रोलिंग मिल आणि बियाण्यांच्या कंपन्या. आणि आजूबाजूला शेती, जनावरं. माझ्या पॉवर्समध्ये बसणाऱ्या पहिल्या क्लेमपैकी एक गाईचा होता. जनावराच्या विम्यात कानातला बिल्ला म्हणजे ओळख. बिल्ला नाही तर क्लेम नाही. शेतकऱ्यानं खिशातून रुमाल काढला, उलगडला, आणि बिल्ला टेबलावर ठेवला. पिवळा, कडेला वाळलेलं रक्त. मी नंबर पॉलिसीशी ताडून पाहिला, पशुवैद्यकीय डॉक्टरांचा शवविच्छेदनाचा रिपोर्ट वाचला, दाखल्यातलं वर्णन जुळवलं. रक्कम माझ्या मर्यादेत होती. मी त्याच दिवशी सही केली. वर पाठवायला काही नव्हतं, थांबायला काही कारण नव्हतं. तो 'साहेब कधी येतील?' असं विचारत होता. सही झाली आहे, असं मी सांगितलं.

अधिकाराची दुसरी बाजूही तिथं कळली. मर्यादेतली फाइलसुद्धा वर ढकलणारे ऑफिसर असतात. ऑडिटची भीती, चौकशीची भीती. सही नाही केली तर कोणी विचारत नाही, केली तर विचारतात, असा त्यांचा हिशेब. त्यांची भीती मला समजते, पण त्यांच्या टेबलापुढे बसलेल्या माणसाचे दिवस त्या भीतीत जातात. मी स्वतःसाठी एक शिस्त लावून घेतली. प्रत्येक नोटमध्ये निर्णयाचं कारण मराठीत विचार करून, सरळ वाक्यांत लिहायचं. कुठला कागद पाहिला, कुठलं कलम लावलं, रक्कम कशी आली. ऑडिटला माझ्या फाइलींवर प्रश्न आले, तेव्हा उत्तर फाइलमध्येच होतं. आणि नाही म्हणायचं असेल तेव्हा अजून जास्त काळजी. आमच्याकडे क्लेम नाकारण्याचा अधिकार मंजुरीच्या अधिकारापेक्षा वरच्या पायरीवर ठेवलेला आहे, आणि ते योग्य आहे. नाकारण्याची शिफारस करायच्या आधी मी ग्राहकाला बोलावून त्याची बाजू ऐकते. दोन-चार वेळा अशा बोलण्यातून एखादा राहिलेला कागद निघाला आहे आणि फाइलची दिशा बदलली आहे.

आता माझ्याकडे नवी मुलं येतात, विशेषतः मुली. प्रमोशनचा फॉर्म भरू का, असं विचारतात. मी त्यांना स्पष्ट सांगते. भरा. लवकर पुढं जायची इच्छा असणं यात कमीपणा नाही, आणि ती मॅनेजरला तोंडानं सांगण्यातही नाही. लायसेन्शिएटला याच वर्षी बसा. पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण ऑफिसातल्या फाइलशी जोडून वाचा. कोणालाच नको असलेलं क्लेमचं टेबल मागून घ्या, कारण आपण विकलेल्या पॉलिसीचं पुढं काय होतं हे तिथंच कळतं. पुढच्या पायरीवरचा माणूस निर्णय कसा घेतो ते नोट लिहिता लिहिता शिका, म्हणजे खुर्ची मिळेल त्या दिवशी हात थरथरणार नाही. घरच्यांशी ऑर्डर यायच्या आधी बोला. यादीत नाव आलं नाही तर गुण बघा, गाऱ्हाणं नाही. आणि नाव आलं की जा. आपल्या गावातल्या, आपल्या भाषेतल्या माणसाचं नुकसान ज्यांना समजतं, त्यांनी सही करायच्या जागेवर बसलं पाहिजे. आपण नाही बसलो तरी ती जागा भरतेच. मग तिथं आपल्यासारखं काम होईल की नाही, हे ठरवणं आपल्या हातात राहत नाही.